बाळाचं नाव ठरवताना: कुणाला काय विचारावं, कुणाचं किती ऐकावं

सातवा महिना लागला, डोहाळजेवणाचे फोटो ग्रुपवर पडले की नावांचा पाऊस सुरू होतो. मामी पाच नावं पाठवते, कुणी मोबाइलमधली अख्खी यादीच टाकतं, आजी देवाच्या नावाचा आग्रह धरते. आणि ज्यांच्या बाळाचं नाव ठेवायचं ते दोघं 'छान आहे, बघू' म्हणत दिवस ढकलतात. बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत नावाचा पत्ता नाही, अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर जूनमध्ये पहिलीच्या हजेरीपटावर नवी नावं लिहिते, मोठ्याने पुकारते, आणि हौसेने ठेवलेल्या नावाचं वर्गात पुढे काय होतं ते रोज बघते. म्हणून मनापासून सांगते: मतं जरूर घ्या, पण 'हे नाव कसं वाटतं?' असं मोघम कुणाला विचारू नका. त्यावर 'छान' नाहीतर 'ई, काहीतरीच' एवढंच उत्तर येतं, आणि दोन्हींचा काही उपयोग नसतो. ज्याला जे कळतं, ते त्याला विचारायचं. ते कसं, हे क्रमाने सांगते.

आधी फक्त दोघांनी बसा

बाहेर एकही नाव फुटण्याआधी आई-बाबांनी एक निवांत संध्याकाळ यासाठी ठेवावी. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापल्या आवडीची नावं लिहायची, मुलीची आणि मुलाची दोन्ही. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दोन याद्या कराव्याच लागतात. नुसत्या मुलाच्या नावांची यादी तयार आहे आणि मुलगी झाली तर 'बघू मग', असं करू नका. ती मोठी झाल्यावर हे तिच्या कानावर येतं आणि तिला लागतं.

कागद अदलाबदल केले की काही नावं दोन्हीकडे सापडतात. काहींवर एकाची थेट फुली पडते. फुली मारलेल्या नावाचं कारण विचारायचं नाही. कुणाला त्या नावाचा शाळेतला त्रास देणारा मुलगा आठवतो, कुणाला आणखी काही. दोघांपैकी एकाला नको असलेलं नाव यादीतून गेलं, एवढं पुरे.

मग दोन गोष्टींचा निकाल लावा. पहिली, नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, पाळायचं आहे का? पाळायचं असेल तर हे ध्यानात असू द्या की नक्षत्र आणि त्याचा चरण बाळ जन्मल्यावरच कळणार, म्हणजे आधी केलेल्या यादीतलं एखादंच नाव कामाला येईल. शिवाय काही अक्षरं फार अवघड असतात. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळासाठी 'ण'वरून नाव कुठून आणणार? आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला तर 'ङ' येतो. आपल्याकडे यावर जुनी, सोपी वाट आहे: नावरस नाव पत्रिकेत लिहायचं आणि व्यवहाराचं नाव आवडीचं ठेवायचं. बहुतेक गुरुजी स्वतःच हे सुचवतात. घरातल्या ज्येष्ठांना ही वाट आधीच सांगून ठेवली तर बारशाच्या तोंडावर वाद होत नाही.

दुसरी गोष्ट, आजोबा-पणजोबांचं किंवा आजीचं नाव पुढे चालवायचं का? नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण सासऱ्यांचं नाव सुनेने उच्चारायचं नाही अशीही रीत होती, म्हणून कागदावर एक नाव आणि हाकेला दुसरंच, असं व्हायचं. हाकेचं नाव किती चिकट असतं याला लोकमान्य टिळकांसारखं उदाहरण नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात हाक 'बाळ', आणि इतिहासात राहिलं ते बाळ गंगाधर टिळक. तुम्हाला घरातलं नाव हवंय पण ते जड वाटतंय, तर त्यातलंच काही काढता येतं. यशवंत आजोबांचा नातू यश होतो, गोदावरी आजीची पणती गोदा होते. दत्तात्रेय आजोबांच्या नातवासाठी आत्रेय हे मला फार आवडलेलं नाव आहे. दत्त हे अत्रि ऋषींचे पुत्र, म्हणून आत्रेय.

नावं शोधायची कुठे

मोबाइलवरच्या याद्यांपासून सुरुवात केली की सगळ्यांना तीच शंभर नावं मिळतात. म्हणून एकाच वर्गात दोन-तीन आरव येतात, आणि मग आम्हा शिक्षकांना 'मोठा आरव', 'छोटा आरव' करावं लागतं. नाव तेच हवं असेल तर जरूर ठेवा, पण आधी आपल्या आसपास बघा. मराठीत नावांची खाण आहे.

नद्या घ्या. कृष्णा, कोयना, नीरा, पूर्णा, इंद्रायणी, शरयू, रेवा, मांडवी. गोव्याच्या मांडवीचं नाव रामायणात भरताच्या पत्नीचंही आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि त्यांचं नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलं गेलं. आपण जिथे राहतो, जिथे बाळ जन्मलं, तिथल्या नदीचं नाव त्याला देणं मला फार सुंदर वाटतं.

राग घ्या. केदार, सारंग, मल्हार, ललित, आसावरी, बागेश्री, भैरवी. यातल्या मल्हारमध्ये पावसाचा राग आहे आणि जेजुरीचा खंडोबाही आहे, त्यामुळे गाणं आवडणारे आई-बाबा आणि कुलदैवताचं नाव मागणारी आजी दोघांचंही समाधान होतं. फुलं घ्या: जुई, सायली, केतकी, अबोली, बकुळ, प्राजक्ता. मुलांसाठी फुलाचं नाव नको असं कुणी म्हटलं तर पारिजात, मंदार, पराग, मकरंद आहेतच.

संतांची नावं थोडी मागे पडली होती, आता पुन्हा दिसू लागली आहेत याचा मला आनंद आहे. मुक्ता, जनी, सोयरा, सोपान, निवृत्ती, नरहरी. बौद्ध घरांत यशोधरा, संघमित्रा, सुजाता, मिलिंद, सिद्धार्थ ही नावं तीन-चार पिढ्यांपासून प्रेमाने ठेवली जातात आणि त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. घरातली वंशावळ किंवा कुलवृत्तांत असेल तर तो काढून बघा. पणजीचं माहेरचं नाव अनेकदा घरात कुणालाच ठाऊक नसतं, आणि नेमकं तेच सुरेख निघतं. हे काम आजीकडे सोपवा. तिला वेळही असतो आणि माहितीही.

अर्थ स्वतः तपासा

याद्यांमध्ये नावापुढे लिहिलेल्या अर्थावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'आरव'चा अर्थ कित्येक ठिकाणी 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, नाद, मोठा स्वर. पहिलीतल्या मुलांबरोबर दिवस काढणारी मी सांगते, खरा अर्थ मुलांना जास्त शोभतो. पण आई-बाबांनी 'शांत' म्हणून ठेवलं आणि पुढे संस्कृतच्या बाईंनी वर्गात अर्थ सांगितला, तर ते मूल बावचळतं. इराचा अर्थ कुणी पृथ्वी सांगतं, कुणी वाणी. तिथे दोन्ही बरोबर आहेत. अलीकडची काही नावं मात्र गोड वाटणाऱ्या अक्षरांची जुळवाजुळव करून झालेली असतात आणि यादीवाले त्यांना खुशाल एखादा संस्कृत अर्थ चिकटवून देतात. जुळवलेलं नाव ठेवायला माझा विरोध नाही. फक्त 'या नावाचा अमुक अर्थ आहे' असं बाळाला खोटं सांगू नये.

तपासायचं तर वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश हे दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. तेही नको असेल तर शाळेतल्या मराठी-संस्कृतच्या शिक्षकांना फोन करा. असा फोन आला की शिक्षक खूश होतात.

अर्थाबद्दल एक गोष्ट गांभीर्याने. पूर्वी मुलं जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवत. त्यामागे आईबापाची भीती आणि माया होती. पण मुलगी नको होती म्हणून 'नकुसा' हे नाव ठेवलं जायचं, त्यात मायेचा अंशही नव्हता. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं जाहीर समारंभात नव्याने नामकरण झालं, आणि कित्येक मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. नावाचा अर्थ मुलाला रोज अंगावर वागवावा लागतो. 'तुझ्या नावाचा अर्थ काय?' हा प्रश्न मी दर वर्षी पहिलीत विचारते. ज्या मुलांना घरी नावाची गोष्ट सांगितलेली असते ती मान वर करून उत्तर देतात. ती गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: नाव कुणी सुचवलं, का आवडलं, तेव्हा घरात कोण कोण होतं.

आता मतं: कुणाला काय विचारायचं

याद्या मुलीची तीन, मुलाची तीन नावं इतक्या छोट्या झाल्या की मगच बाहेर पडा. पाच-सहा माणसं निवडा आणि प्रत्येकाला वेगळं काम द्या.

घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईला नाव आवडलं का ते विचारू नका. तिला म्हणा, 'आजी, तुम्ही स्वयंपाकघरात आहात आणि नातू खाली अंगणात खेळतोय, त्याला जेवायला हाक मारा बघू.' तीन-चारदा मारायला सांगा. नाव जिभेवर कसं बसतं ते लगेच कळतं. 'ऋग्वेद'चं 'रुगवेद' होतंय का, 'अद्वैत'चं 'अदवेत' होतंय का ते ऐका. होत असेल तर ते तुम्हाला चालणार आहे का, हा तुमचा निर्णय. पण घरात बाळाला सगळ्यात जास्त हाका आजी मारणार आहे, हे विसरू नका.

त्याच वेळी नावाचं छोटं रूपही ऐका. मराठी माणूस नाव मोडल्याशिवाय राहत नाही. केदारचा 'केद्या', पार्थचा 'पार्थ्या', मुग्धाची 'मुग्धे' होणारच. हे प्रेमानेच होतं. तुम्हाला ते मोडलेलं रूप कानाला सहन होणार नसेल, तर ते नाव ठेवून आयुष्यभर लोकांना दटावत बसण्यात अर्थ नाही.

मग घरातलं दहा-बारा वर्षांचं एखादं पोर गाठा, भाचा किंवा शेजारची मुलगी. विचारा, 'या नावाचं तुमच्या वर्गात काय करतील?' मिनिटभरात उत्तर येतं, आणि मोठ्या कुणालाही ते सुचलेलं नसतं. प्रणालीची 'नाली' व्हायला आणि ओवीला 'ओवी-शिवी' म्हणायला मुलांना वेळ लागत नाही. पण यावरून घाबरून नाव टाकू नका, कारण चिडवायचं ठरवलं तर कुठलंही नाव पुरतं. घाणेरडा अर्थ निघत असेल किंवा रंगावरून, अंगावरून बोलायला वाव मिळत असेल, तरच ते नाव सोडा. आडनावाशीही जोडून बघा. शुभ्रा हे नाव सुंदर आहे, पण आडनाव काळे असेल तर त्या मुलीला तोच विनोद दहावीपर्यंत ऐकावा लागेल.

तिसरं माणूस मराठी न येणारं हवं. बंगळुरूला असलेला मित्र, दिल्लीची सहकारी, परदेशातली नणंद आणि तिचे शेजारी. त्यांना नाव फक्त रोमन लिपीत पाठवा, उच्चार सांगू नका, आणि वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. मूल परदेशात वाढणार असेल तर हे मत सगळ्यात महत्त्वाचं. आशित, हर्षित अशा नावांच्या रोमन स्पेलिंगमध्ये इंग्रजीतला एक घाणेरडा शब्द दिसतो. पुण्यात त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण तिकडच्या शाळेत ते नाव फळ्यावर लिहिलं जातं तेव्हा मूल संकोचतं.

चौथी, नात्यातली सगळी माहिती असणारी मावशी किंवा काकू. तिला विचारा, 'या नावाचं आपल्यात कुणी आहे का? होतं का?' चुलत भावाच्या मुलीचं नाव तेच निघालं तर भावकीत वर्षभराची कुजबुज होते. कधी कधी ते नाव घरातल्या एखाद्या अकाली गेलेल्या मुलाचं असतं. ते नाव पुन्हा घ्यावं असं कुणाला मनापासून वाटतं, तर कुणाला ते कानावरही नको असतं. आपल्याला ठाऊक नसलेली जखम उघडी पडू नये, म्हणून हा प्रश्न एकट्यात, फोनवर विचारा.

आणि जवळच्या बालवाडीतल्या ताईंना सध्या कुठली नावं फार आहेत ते विचारा. पाटील, शिंदे, जाधव, कांबळे अशी मोठ्या संख्येने आढळणारी आडनावं असतील तर नाव जरा कमी वापरातलं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर परीक्षेच्या यादीत, बँकेत, नोकरीच्या अर्जात एकाच नावाची माणसं भेटत राहतात. आडनाव विरळ असेल तर मात्र नाव कितीही लोकप्रिय असो, बिनधास्त ठेवा.

ऑफिसच्या ग्रुपवर मतदान घेऊ नका. तिथे मत देणाऱ्यांपैकी कुणीही त्या बाळाला हाक मारणार नसतो.

पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघा

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. आईचं नाव मुलाच्या नावाला लागून येतंय ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण त्यामुळे नाव आता चार शब्दांचं झालं. शार्दूल, त्यापुढे आई श्रद्धा, बाबा शिरीष, असं सलग म्हणताना बोलणाऱ्याची जीभ अडखळते. आई-बाबांची नावं लांब असतील तर बाळाचं दोन-तीन अक्षरी बरं. आद्याक्षरं जोडून काही विचित्र शब्द तयार होत नाही ना, तेही बघा.

स्पेलिंग: इथे घाई नको

नाव ठरवायला तीन महिने आणि स्पेलिंग ठरवायला तीन मिनिटं, असं होतं, आणि पुढचा सगळा मनस्ताप त्या तीन मिनिटांतून येतो. मराठी नावांचे काही उच्चार रोमन लिपीत नीट मावत नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं.

'ऋ' घ्या. आपण ऋतुजा 'रु' म्हणतो, म्हणून 'आर-यू' लिहितो. उत्तरेत 'रि' म्हणतात, म्हणून तिकडे 'आर-आय'. दोन्ही चालतं, पण जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की शपथपत्रं करत फिरावं लागतं. 'ज्ञ'चंही तसंच: प्रज्ञा आपण 'डी-एन-वाय' घालून लिहितो, बाहेर 'जी-वाय' किंवा 'जे-एन' लिहितात, आणि आपलं स्पेलिंग परराज्यातला माणूस 'प्रद-निया' असं वाचतो. 'स्वरा'मध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू'? 'अथर्व'च्या शेवटी 'ए' लावायचा की नाही? लावला तर बाहेरचे 'अथर्वा' म्हणतात, नाही लावला तर आपल्यालाच ते तुटल्यासारखं दिसतं. 'सई' जर 'एस-ए-आय' लिहिलं तर सगळे 'साई' वाचणार, म्हणून शेवटी दोन 'ई' असलेलं स्पेलिंग जास्त चांगलं. मुलाचं 'आर्य' आणि मुलीचं 'आर्या' रोमनमध्ये अगदी सारखं दिसतं, त्यामुळे शिबिराच्या नाहीतर वसतिगृहाच्या यादीत मुलगी मुलांच्या गटात जाऊन पडते.

माझा सल्ला असा: आपल्या उच्चाराला जवळचं, कमीत कमी अक्षरांचं स्पेलिंग घ्यावं. अंकशास्त्राच्या नावाने जादा 'ए' किंवा 'एच' घालू नयेत. ती जादा अक्षरं मुलाला जन्मभर प्रत्येक खिडकीवर सांगत बसावं लागतं. देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घ एकदाच ठरवा. पूर्वा की पुर्वा, मीनल की मिनल, नीरज की निरज, हे कोशात बघून शुद्ध तेच लिहा. ठरलेलं नाव दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा, त्याचा फोटो काढा आणि जो कुणी अर्ज भरायला जाईल त्याला तो पाठवा.

घरात एकमत होत नसेल तर

सगळ्यात नाजूक बाजू म्हणजे आत्या. बारशात बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान तिचा, आणि कित्येक घरांत नाव ठेवायचा हक्कही तिचाच मानतात. तिला ऐनवेळी चिठ्ठी हातात देऊन 'हे नाव सांगा' म्हणणं बरं नाही. यादी तीन नावांवर आली की तिला फोन करावा. 'ताई, ही तीन नावं आम्हा दोघांना आवडली आहेत. यातलं तुमच्या तोंडून कुठलं ऐकायला आवडेल?' असं विचारलं की तिचा मान राहतो आणि नावही तुमच्या आवडीचंच ठरतं. सासरकडून एक आणि माहेरकडून एक अशी ओढाताण असेल तर नवऱ्याने आपल्या आईवडिलांशी आणि बायकोने आपल्या आईवडिलांशी बोलावं. सुनेने सासूला नकार कळवायचा आणि जावयाने सासऱ्यांना, यातून नुसती मनं दुखावतात.

बारशाला एकाहून जास्त नावं ठेवायची पद्धत आहेच. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरतं, तेव्हा आजीने सुचवलेलं नाव, नावरस नाव, कुलदैवताचं नाव अशी सगळी घेता येतात. ज्याने सुचवलं त्याला हे आधी सांगा: 'तुमचं नाव पाळण्यात नक्की घेऊ.' ते मनापासून म्हणा आणि तसं करा. घुगऱ्या वाटताना ती आजी सगळ्यांना आपलं नाव सांगत फिरते, तिला तेवढ्यात खूप मिळतं.

कुणी तुमचं मत विचारलं तर

नाव अजून ठरायचं असेल आणि खरोखर अडचण दिसत असेल, तर स्पष्ट पण मोजकं सांगा: 'उच्चार अवघड जाईल', 'आपल्या अमक्याच्या मुलीचं हेच आहे'. कारण द्या, आणि एकदाच सांगा. 'आमच्याकडे या नावाचा कुत्रा होता', 'हे कामवाल्या बाईचं नाव वाटतं' ही मतं नव्हेत. दुसरं वाक्य तर त्या बाईचाही अपमान करतं. नाव जुनं वाटतंय म्हणून नाक मुरडू नका. रमा, तारा, यमुना ही नावं माझ्या वर्गात आता पुन्हा येत आहेत आणि त्या मुलींना ती फार शोभतात. आणि एकदा बाळाच्या कानात नाव गेलं की आपलं मत संपलं. त्यानंतर बाळाला त्याच नावाने हाक मारायची, नीट उच्चारून.

बारसं झालं, आता दाखला

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं तर माहिती दवाखानाच कळवतो, शहरात महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे. नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नावाचा रकाना मोकळा राहतो. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. म्हणजे दवाखान्यातल्या कारकुनाने 'नाव सांगा लवकर' म्हटलं म्हणून पटकन काहीतरी सांगायची गरज नाही. पण वर्षभर रखडूही नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात.

परदेशात बाळंतपण असेल तर तिथले नियम आधी विचारून घ्या, कारण बाराव्या दिवसाची वाट बघायला सवड मिळेलच असं नाही. अमेरिकेत बहुतेक इस्पितळांत घरी सोडण्याआधीच दाखल्याचा फॉर्म भरून घेतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणीला ४२ दिवस असतात. जर्मनीत जन्म आठवड्याभरात कळवावा लागतो आणि नाव द्यायला महिन्याची मुभा असते. बारसं नंतर सावकाश, आजी-आजोबा पोचल्यावर करा, पण कागदावरचं नाव आधी ठरवून ठेवा.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलण्याआधी तिथेच वाचा. मराठीतलं नाव वेगळं, इंग्रजीतलं वेगळं, दोन्ही अक्षर अक्षर लावून, आईच्या आणि वडिलांच्या नावासकट. चूक असेल तर त्याच कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या. नावच बदलायचं मनात आलं तर ते मूल शाळेत जाण्याआधी करा. शाळेच्या जनरल रजिस्टरला चढलेलं नाव दुरुस्त करायचं तर मुख्याध्यापकांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो, आणि मोठेपणी बदलायचं तर शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. दाखल्याच्या दोन-तीन जादा प्रती त्याच फेरीत काढून घ्या, आणि पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना त्यातली एक समोर ठेवून, तिच्यावर जसं आहे तसंच नाव लिहा.